बालमंदिराचे अंगण
(ज्ञातिमंडळाच्या अमळनेर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाने येत्या जूनपासून तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी बालमंदिर सुरू करण्याचे योजिले आहे. त्या निमित्ताने ‘बालशिक्षण आणि पर्यावरण’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारी नोकरी प्राथमिक शाळेतील. विद्वत्तेच्या अधिकाराने आम्ही येथे उभे नाही. लहान मुलांजवळ अनेक वर्षे बसण्याचा योग आला, तेवढाच काय तो आमचा अधिकार.

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत बालमंदिराचा ठराव पाचवा आहे. सहावा ठराव असा की, आपल्या कार्यालयाच्या अंगणात सर्वत्र पेव्हर ब्लॉक बसवावेत, आणि कोपऱ्यातील निंबाचा पाला व निंबोळ्या पडून लग्नकार्यात अडचण होते म्हणून तो निंब काढून टाकावा. हे दोन ठराव पत्रिकेवर शेजारी बसले असले तरी ते परस्परांचे वैरी आहेत, असे आमचे नम्र मत आहे. हे मत का बनले, ते सांगण्याची अनुज्ञा असावी.

प्रारंभी आमचाच एक अपराध सांगतो. एकदा आम्ही वर्गात ‘परिसर’ या विषयाचा पाठ घेत होतो. व्याख्या फळ्यावर लिहिली होती आणि मुले ती एका सुरात म्हणत होती. एक मुलगा मात्र भिंतीच्या कडेने चाललेल्या मुंग्यांच्या रांगेकडे टक लावून पाहत होता. मुंग्यांच्या तोंडांत पांढरी अंडी होती. आम्ही त्यास उभे केले. तो म्हणाला, “गुरुजी, मुंग्या घर बदलताहेत, पाऊस येणार.” आम्ही त्यास व्याख्या दहा वेळा लिहिण्याची शिक्षा दिली. त्या दिवशी पाऊस आला की नाही, हे आज स्मरत नाही. पण त्या वर्गात परिसराचा अभ्यास करणारा तो एकटाच विद्यार्थी होता आणि शिक्षा नेमकी त्यालाच झाली, ही गोष्ट आम्हांस निवृत्तीनंतर उमगली. ती मनास अद्याप टोचते.

पर्यावरणाचा विषय शाळेत आला तो योग्य कारणानेच आला. सन १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे जगातील राष्ट्रांची परिषद भरली आणि पुढील वर्षापासून ५ जून हा दिवस पर्यावरण दिन म्हणून पाळला जाऊ लागला. सन १९९१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिक्षणाच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर शिकविला जावा असा निर्देश दिला. हेतू उत्तम होता. परंतु विषय आला की पुस्तक येते, पुस्तकामागून परीक्षा आणि परीक्षेमागून गुण येतात. आपल्याकडे ५ जूनला रोपे लावण्याचा समारंभ होतो. त्या वेळी खानदेशात बहुधा पाऊस पोहोचलेला नसतो. रोप लावून मंडळी घरी जातात आणि पाण्याविना ते आठ दिवसांत वाळते. मोठ्या मुलांचे असे झाले. आता तीन वर्षांच्या बालकासही तेच द्यावयाचे काय?

बालशिक्षणाच्या थोर आचार्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडविला आहे. जर्मनीतील फ्रोबेल यांनी सन १८४० मध्ये आपल्या शाळेस ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्याचा अर्थ मुलांची बाग. त्यांच्या योजनेत प्रत्येक बालकास स्वतःचा छोटा वाफा असे. आज ज्या शाळांच्या फलकांवर के.जी. ही अक्षरे झळकतात, त्यांपैकी कितींत एखादा वाफा आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

तथापि परदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक होऊन गेल्या. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले, आणि पुढे सन १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. सन १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. माँटेसोरीबाईंची साधने उत्तम, परंतु महाग. मग या दोघींनी शंख, शिंपले, खडे, बिया, पाने आणि काटक्या यांचीच साधने केली. मोजण्यास चिंचोके, रंग ओळखण्यास फुले आणि लहानमोठे समजण्यास खडे. मुले शाळेत येत ना, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. जी मुले गुरे राखीत, त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली. ताराबाई सन १९७३ मध्ये आणि अनुताई सन १९९२ मध्ये निवर्तल्या.  ज्या जागेत मूल वाढत होते, त्या जागेतूनच त्यांनी त्यास शिकविले.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्या सेविकांचे कष्ट मोठे आहेत. परंतु कित्येक अंगणवाड्या एका बंद खोलीत भरतात. शब्दात अंगण राहिले, जागेवर ते उरले नाही. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षे शिक्षणाचा पाया मानली आणि त्या वयात खेळातून व अनुभवातून शिकवावे असे म्हटले. पण अनुभव घ्यावयाचा तो कशाचा आणि कोठे?

आपणांपैकी कोणी म्हणेल, “आमच्या लहानपणी पर्यावरण कोणी शिकविले नाही, तरी आमचे काय अडले?” शंका रास्त आहे. वस्तुतः आपणांस ते शिकविले जात होते, फक्त त्याचा गाजावाजा नव्हता. पांझरेच्या खोऱ्यात शतकानुशतके फडपद्धती चालत आली. बंधाऱ्याचे पाणी पाटाने यावयाचे, प्रत्येक फडाची पाळी ठरलेली, पाटाची साफसफाई सर्वांनी मिळून करावयाची. बापाच्या मागे बांधावर जाणारे पोर पाणी वाटून घ्यावयाचे असते हे न सांगता शिकत असे. घरी गोठा होता, उकिरडा होता, आखाजीचा झोका बांधण्यास निंबाची फांदी होती. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. तरी माती, पीक, पाखरू आणि माणूस यांचे त्यांचे ज्ञान असे होते की, सन १९५२ मध्ये त्यांची गाणी प्रसिद्ध झाली तेव्हा सारा महाराष्ट्र थक्क झाला. आज गोठा गेला, उकिरडा गेला. आपली बोरी नदी पावसाळा सोडला तर बहुतेक कोरडी असते. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेस मुले पात्रात जातात, पण तेथे पूर्वी काय वाहत होते हे त्यांस ठाऊक नाही. जी शाळा घरी आपोआप भरत होती, ती आता बुद्धिपुरस्सर भरविली पाहिजे.

ती कशी भरवावी, तेही सांगतो. त्यासाठी फार पैसा लागत नाही. फाल्गुनात निंबाचा पाला गळतो. मुलांनी तो गोळा करावा आणि खड्ड्यात टाकावा. चैत्रात तांबूस पालवी व बारीक पांढरा मोहोर येतो. त्याचा वास घ्यावा. उन्हाळ्यात आपल्या काळ्या जमिनीस भेगा पडतात. एका भेगेत तांब्याभर पाणी ओतून ते कोठे गेले याचा मुलांनी विचार करावा. ज्येष्ठ-आषाढात निंबोळ्या पिकून पडतात. निंबोळीचे बी फार दिवस टिकत नाही, थोड्याच आठवड्यांत त्याची उगवणशक्ती जाते. म्हणून पहिला चांगला पाऊस होताच मुलांनी ते पेरावे. असे रोप समारंभाचे नसते, ते मुलाचे स्वतःचे असते. शेजारी एका वाफ्यात सरकी, ज्वारी व मूग लावावेत. सदरा कशाचा होतो आणि भाकरी कशाची होते, हे खानदेशातील मुलास सहाव्या वर्षी तरी कळावे.

आणखी एक प्रयोग सुचवितो. श्रावणात अंगणात दोन हात अंतरावर दोन लहान खड्डे करावेत. एकात भाकरीचा तुकडा व केळीची साल पुरावी, दुसऱ्यात प्लॅस्टिकची पिशवी. दिवाळीपूर्वी दोन्ही उकरावेत. एका खड्ड्यात माती सापडेल, दुसऱ्यात पिशवी जशीच्या तशी निघेल. यावर शिक्षिकेने भाष्य करू नये. चार वर्षांचे मूल त्या पिशवीकडे पाहून स्वतःच प्रश्न विचारील, आणि तो प्रश्न घरी आईबापांसही विचारील.

पाण्याचेही तसेच. गळका नळ सेकंदास एक थेंब टाकीत असेल तर दिवसात ८६,४०० थेंब होतात. औषधाच्या मापाने वीस थेंबांचा एक मिलिलीटर धरला, तरी चार लिटरांहून अधिक पाणी झाले. हा हिशेब मोठ्यांसाठी. लहानांसाठी नळाखाली लोटा ठेवावा, भरलेला लोटा त्यांच्याच हाताने रोपास घालावा, आणि उन्हाळ्यात पाखरांसाठी परळात पाणी ठेवण्याची पाळी प्रत्येकास द्यावी.

हे सर्व शिकविण्यास माणसे कोठून आणावीत? ती आपल्या घरातच आहेत. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने आपले उजाड झालेले जंगल स्वतः राखून पुन्हा उभे केले. त्या कार्याबद्दल श्री. चैत्राम पवार यांस सन २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या गावी रानभाज्यांची स्पर्धा भरते आणि स्त्रिया आपापल्या भाज्या रांधून मांडतात. तेथील आजीबाईंचे ज्ञान हीच त्या गावाची शाळा आहे. आपल्या ज्ञातीतही अशा वृद्ध माता आहेत. आठवड्यातून एक दिवस त्यांनी बालमंदिरात यावे आणि आपल्या अहिराणीत मुलांस पाला, पाखरे व धान्ये यांची नावे सांगावीत. मुलाच्या घरच्या बोलीत आलेली ओळख पक्की बसते.

परंतु बंधुभगिनींनो, मूल ऐकते त्यापेक्षा पाहते अधिक. साने गुरुजी सन १९२४ पासून १९३० पर्यंत याच अमळनेरात शिक्षक होते. छात्रालयातील मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत असे जुनी मंडळी सांगत आली. स्वच्छतेवर व्याख्यान देण्यापेक्षा त्यांनी केरसुणी हाती घेतली. आता आपल्या पंगतीकडे पाहा. एका पंगतीमागून प्लॅस्टिकचे पेले आणि पाण्याच्या अर्ध्या प्यालेल्या बाटल्या किती निघतात? सन २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदीचा कायदा आला, पण आपल्या अंगणात तो आला नाही. बालमंदिराच्या भिंतीवर ‘पृथ्वी वाचवा’ असे लिहावयाचे आणि त्याच भिंतीमागे हा ढीग जाळावयाचा, यातून मूल एवढेच शिकेल की मोठी माणसे बोलतात एक आणि करतात दुसरे. तेव्हा पळसाच्या पत्रावळी आणि धुऊन वापरावयाचे पेले येथून पुढे मंडळाने ठेवावेत.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, पालकांस ए-बी-सी-डी हवी, माती नको. त्यांस आम्ही सांगू की, ज्या बोटांनी माती मळली, बिया वेचल्या, त्यांतच लेखणी धरण्याचे बळ येते. अक्षरे सहाव्या वर्षीही येतील. दुसरा आक्षेप रोगाचा आणि विंचवाकाट्याचा. त्यात तथ्य आहे. म्हणून अंगणात दगडविटांचे ढीग नसावेत, रोज झाडलोट व्हावी, मुलांनी साबणाने हात धुवावेत, आणि धनुर्वाताच्या लसी वेळेवर टोचलेल्या असाव्यात. भीती सावधपणाने जिंकावी, त्यासाठी माती पुरून टाकण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप द्रव्याचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. लग्नकार्याच्या भाड्यातून आपण गरीब विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देतो. चिखलामुळे भाडेकरू दुसरीकडे गेले, तर नुकसान त्या विद्यार्थ्यांचे होईल. हे आम्ही जाणतो. म्हणून आमची मागणी संपूर्ण अंगणाची नाही. दरवाजाकडील अर्ध्या भागात ब्लॉक बसवावेत, मांडव तेथे पडेल. निंबाकडील अर्धे मात्र मातीचे राहू द्यावे. ही जागा दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद धरली आणि वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरला, तर तीवर ६०,००० लिटर पाणी पडते. सर्वच मुरते असे नाही, परंतु फरशीवरून ते जवळजवळ सर्व गटारात जाते. शिवाय वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर गेला असता त्या ब्लॉकवर अनवाणी मूल उभे राहू शकेल काय? निंबाखाली ते खेळेल. पाला पडतो हा निंबाचा दोष असेल, तर तो झाडण्याचे काम आम्ही पत्करतो. या वयात केरसुणी पेलेल एवढे बळ आमच्या हातांत आहे, आणि बालमंदिराची मुले सोबतीस येतील.

सारांश, बालकास पर्यावरण हा शब्द शिकविण्याची घाई नको. त्यास एक झाड, थोडी माती, लोटाभर पाणी आणि बोलल्याप्रमाणे वागणारी चार मोठी माणसे द्यावीत. शब्द पुढे पुस्तकात मिळेलच, आणि मिळेल तेव्हा त्यास तो ओळखीचा वाटेल. ज्यास या गोष्टी मिळाल्या नाहीत, त्यास व्याख्या दहा वेळा लिहावयास लावूनही उपयोग होत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

म्हणून पाचवा ठराव एकमताने मंजूर करावा, आणि सहावा ठराव वरील दुरुस्तीसह स्वीकारावा, अशी सभेस हात जोडून विनंती आहे.