सुटीतले दोन तास आणि आजोबांचा दाखला

(उन्हाळी सेवा-उपक्रमाच्या समारोपप्रसंगी पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)





मी वक्ता नाही. माझे उभे आयुष्य लेथ मशीनसमोर गेले. तेथे बोलण्यापेक्षा ऐकण्याची सवय लागते. मशीनचा आवाज बदलला की काहीतरी बिघडले हे कळते. संस्थेच्या कार्यवाहांनी, ‘या उन्हाळ्यात मुलांबरोबर तुम्हीही बसलात, तेव्हा दोन शब्द तुम्हीच सांगा,’ असा आग्रह धरला, म्हणून उभा आहे. जे सभेला येऊ शकले नाहीत त्यांनी स्मरणिकेत वाचताना आपण समोरच बसलो आहोत असे समजावे.

प्रथम आपण कोठून आलो ते पाहू. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या माळावर कारखान्यांच्या रांगा लागल्या. १९७० साली नगरपालिका आली, १९८२ साली महानगरपालिका झाली. १९८१ च्या जनगणनेत अडीच लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ साली सव्वासतरा लाखांवर गेली. पुढे कारखाने चाकणपर्यंत पोहोचले. ही माणसे आभाळातून पडली नाहीत. सोलापूर, लातूर, धाराशिव, बीड, नगर येथून एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी घेऊन आली. मीही १९७९ साली बार्शी तालुक्यातून तसाच आलो.

येताना आपण भांडी आणली, कपडे आणले. एक गोष्ट मात्र गावी राहिली. ती म्हणजे आपली कागदपत्रे. आज मला त्याच गोष्टीबद्दल बोलावयाचे आहे; कारण या उन्हाळ्यात आपल्या मुलांनी जे काम केले त्याचा मोठा भाग त्याच्याशी निगडित होता.

माझ्या घरची हकिकत सांगतो. माझी थोरली मुलगी २००३ साली बारावी झाली. गुण चांगले होते. तिला डी.एड. करून शिक्षिका व्हायचे होते. आम्ही बागवान. माझे वडील बार्शीच्या बाजारात फळे विकत. १९९४ साली महाराष्ट्र शासनाने मुसलमानांतील अनेक व्यावसायिक जातींना इतर मागासवर्गीयांत स्थान दिले. त्यामागे जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची अनेक वर्षांची खटपट होती. अभिनेते दिलीपकुमार यांनीही सभांना येऊन त्या चळवळीस पाठबळ दिले. म्हणजे दार इतरांनी झगडून उघडले होते. मला फक्त आत जायचे होते.

जातीच्या दाखल्यासाठी माझ्या वडिलांच्या शाळेतील नोंदीचा उतारा हवा होता. वडील गावच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकले होते. शाळा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मी दर उन्हाळ्यात गावी जात होतो. आंबे खाल्ले, लग्ने केली, परत आलो. उतारा काढावा हे सुचले नाही. सुचले तेव्हा ‘पुढच्या खेपेस बघू’ म्हटले.

मुलीचा निकाल लागायच्या वेळी घाईघाईने गावी गेलो, तो शाळेला कुलूप. एक मेला निकाल सांगून गुरुजी आपल्या गावी गेलेले. माझी रजा संपली, मी परत आलो. शाळा उघडल्यावर चुलत भावाने उतारा काढून पाठवला. त्यानंतर प्रतिज्ञापत्र, अर्ज, हेलपाटे. दाखला हातात आला तेव्हा प्रवेशाची तारीख उलटून गेली होती.

यात मी कोणत्याही कचेरीस दोष देत नाही. दोष माझा होता. पुढच्या वर्षी मुलीचे लग्न झाले. ती सुखात आहे. शेजारच्या मुलांना घरी शिकवते आणि फार चांगले शिकवते. तिने मला आजवर एका शब्दाने बोल लावला नाही. पण तो तीन ओळींचा उतारा अजून माझ्या कपाटात आहे, आणि कपाट उघडले की माझी नजर दुसरीकडे वळते.

म्हणूनच यंदा संस्थेच्या सभागृहात मुलांनी टेबल मांडले तेव्हा मी होऊन जाऊन बसलो.

आता कामाची पद्धत सांगतो. ती पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत मुलांचे दोन-तीन महिने मोकळे असतात. या मुलामुलींच्या जोड्या केल्या. प्रत्येक जोडीला एक गल्ली आणि एक वही दिली. एका घराला एक पान. घरात शिकणारी मुले किती, कोणत्या इयत्तेत, आणि जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला यांपैकी काय आहे व काय नाही, एवढेच लिहायचे. मूळ कागद हातात घ्यायचा, पाहायचा आणि परत द्यायचा. कोणाचाही कागद आपल्या घरी न्यायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशी घालून दिला आणि तो मुलांनी पाळला.

मग टेबलावर एकेका घराचे पान उघडून सांगायचे की, तुम्हाला अमुक हवे आणि ते तमुक ठिकाणी मिळते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा विचारला जातो. याचा अर्थ, मुलाचा किंवा बापाचा कागद बहुधा पुरत नाही. आजोबा, चुलत आजोबा, आत्या यांच्यापर्यंत जावे लागते. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा हा त्यातला चांगला पुरावा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसील कचेरीत जन्म-मृत्यूची जुनी नोंद शोधावी. तिला गाव नमुना चौदा किंवा कोतवाल बुक म्हणतात.

पुष्कळ जुन्या नोंदींत जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले आढळते. तेव्हा निराश होऊ नये. वडिलांकडच्या सगळ्या रक्ताच्या नातेवाइकांची विचारपूस करावी. एका भावाच्या नोंदीत नसेल ते दुसऱ्याच्या नोंदीत सापडते. एखाद्या जुन्या खरेदीखतात धंद्याचा उल्लेख असतो. चुलत्याच्या मुलाला जातवैधता प्रमाणपत्र मिळालेले असते आणि ते आपल्याला उपयोगी पडते. मात्र एक गोष्ट कानाला खडा लावून ठेवा. जुन्या कागदावर स्वतः एक अक्षरही लिहायचे नाही, आणि ‘सगळे करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या हाती पैसे द्यायचे नाहीत. खोटा कागद पुढे पडताळणीत पकडला जातो आणि मिळालेली जागाही जाते. ज्यांची जात यादीत नाही, त्यांनी उत्पन्नाची अट पाहून २०१९ पासून असलेल्या आर्थिक दुर्बल घटकांच्या दहा टक्क्यांची चौकशी करावी.

आमच्या गल्लीत घरकाम करणारी एक विधवा बाई आहे. तिचा मुलगा यंदा दहावीला होता. ‘त्याच्या बापाकडचे कोणी आमच्याकडे येत नाही, कागद कोण देणार?’ असे ती म्हणाली. दहावीतल्याच एका मुलीने तिच्या वहीतून दिराचा जुना नंबर शोधला, फोन लावला आणि ‘चाचा, तुमच्या वालिदांची शाळा कोणती?’ एवढेच विचारले. पलीकडचा माणूस बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘शाळा बंद व्हायच्या आत मी स्वतः जातो.’ उतारा तर आलाच, पण तो घेऊन तो दीर आला आणि वहिनीच्या हातचा चहा पिऊन गेला. आम्ही फक्त कागद मागितला होता.

दुसऱ्या कामांविषयी थोडक्यात सांगतो. २०१९ च्या नोव्हेंबरपासून आपल्या शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले. ज्या घरी तिसऱ्या मजल्यावर एकटे म्हातारे जोडपे आहे, त्यांना पाण्याच्या दिवशी हंडा कोण चढवणार? चार मुलांनी हे काम वाटून घेतले. पत्र्याच्या खोल्यांत दुपारी बसवत नाही, म्हणून संस्थेचा एक वर्ग पंखा लावून वाचनासाठी उघडा ठेवला. लहान मुले आली, त्यांच्यामागोमाग त्यांच्या आयाही येऊन बसल्या.

एका सकाळी मुलांना पवनेच्या काठी नेले. उन्हाळ्यात पाणी संथ होते, सांडपाण्यातले खत मिळते आणि जलपर्णी पात्रभर पसरते. तिच्याखाली डास वाढतात. २०१७ साली वाल्हेकरवाडीच्या रोटरी क्लबाने ही जलपर्णी काढण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा निरनिराळ्या वस्त्यांतली माणसे नदीत उतरली होती. डास घर पाहून चावत नाहीत. मोहल्ल्याची सेवा मोहल्ल्याच्या वेशीपाशी थांबत नाही, हे मुलांना तेथे न बोलता समजले.

याच संदर्भात एक उदाहरण सांगण्याचा मोह होतो. २०२० च्या उन्हाळ्यात कोरोनामुळे सारे बंद होते. रमजान तशाच दिवसांत आला. इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ईदची खरेदी टाळून आणि जकातीतून ३६ लाख रुपये जमा केले आणि तेथील इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. ईदच्या दिवशी, २५ मे रोजी, तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे त्याचे उद्घाटन केले. इचलकरंजी हे यंत्रमागाचे गाव. तेथील माणसे आपल्यासारखीच शिफ्ट करणारी, हातावर पोट असणारी. त्या खाटेवर कोण झोपणार हे त्यांनी विचारले नाही.

आता पालकांच्या दोन शंका. त्या रास्त आहेत, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिली शंका अशी की, मुलगा सुटीत चार पैसे मिळवत असेल तर त्याला फुकटच्या कामाला का पाठवावे? घरात अडचण असेल तर मुलाने हातभार लावू नये, असे मी म्हणणार नाही. परंतु काम कोणते ते पाहा. पॉवर प्रेसवर बोटे गमावलेली माणसे आपल्याच गल्लीत आहेत. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि अठरा वर्षांखालील मुलाला धोक्याच्या कामावर ठेवण्यास बंदी आली. शिवाय दुसरा धोका आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या हातात पहिला पगार पडतो, आणि जूनमध्ये शाळा-कॉलेजची आठवण राहत नाही. ठेकेदाराला हेल्पर हवाच असतो. तो हेल्पर चाळिसाव्या वर्षीही हेल्परच राहतो. मोरवाडीची आयटीआय आपल्याजवळ आहे, मुलींसाठी कासारवाडीची आहे. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन होऊन त्याच कारखान्याच्या फाटकातून आत जाणे वेगळे. मुलगा कामाला जात असेल तर गुरुवारची सुटी असते; त्या दिवशी फक्त दोन तास द्या. त्या दोन तासांत त्याच्यासमोर प्रवेशाचे अर्ज असतील, तारखा असतील. तो शिक्षणाशी बांधलेला राहील.

दुसरी शंका मुलींची. ‘मुलीला दारोदार कशी पाठवायची?’ असे मला तीन मातांनी विचारले. त्यांना मी म्हटले, ‘भाभी, दिवसा घरी कोण असते? पुरुष शिफ्टला गेलेले असतात. माझ्यासारखा म्हातारा दारात उभा राहिला तर बाई आतूनच “ते घरी नाहीत” म्हणेल. तुमची मुलगी गेली तर तिला आत बसवेल आणि पेटी उघडून दाखवेल.’ आम्ही मुलींच्या जोडीबरोबर एक खाला किंवा शिक्षिका दिली, आपलीच गल्ली दिली आणि मगरिबच्या आत घरी हा नियम ठेवला. त्या तीन माता आता मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांतील दोघी पुढच्या वर्षी स्वतः येणार आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, १९६९ साली देशात राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. कॉलेजात गेल्यावर तुम्हाला तीत काम करता येईल, प्रमाणपत्रही मिळेल. या उन्हाळ्याच्या कामाचे प्रमाणपत्र नाही. पण तुम्ही एका अनोळखी घरात जाऊन नम्रपणे प्रश्न विचारायला शिकलात, अर्ज न चुकता भरायला शिकलात, दुसऱ्याचे गुपित पोटात ठेवायला शिकलात. हे कोणत्याही मुलाखतीत दिसते.

शेवटी पालकांना एक विनंती. पुढच्या सुटीत गावी जाल तेव्हा एक मेच्या आधी जा. निदान शाळेला कुलूप लागण्यापूर्वी तेथे फोन तरी करा. म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या शाळेचे नाव, गुरुजींचे नाव, अंदाजे साल विचारून लिहून ठेवा. ती माणसे आहेत तोवरच हे विचारता येते. माझे वडील आज नाहीत. त्यांनी तिसरीपर्यंत गिरवलेली अक्षरे त्यांच्या नातीच्या उपयोगी पडायला हवी होती. ती पडली नाहीत. तुमच्या घरी तसे होऊ देऊ नका.

वह्या संस्थेच्या कपाटात ठेवल्या आहेत. काही पाने अजून अर्धवट आहेत. येत्या गुरुवारी दहा वाजता टेबल पुन्हा मांडू. मी तेथे असेन. तुम्हीही या.

खुदा हाफिज.