पेटी घेताना आपला आवाज बघा

गावोगावी बायकांची भजनी मंडळं आहेत, पण पेटीवर बसायला बहुतेक ठिकाणी पुरुषच येतो. तो आपल्या सवयीने काळी एक धरतो. मग खाली आपला आवाज बसतो नि वर फाटतो. बऱ्याच बायकांचा आवाज काळी चार किंवा पाचमध्ये मोकळा होतो. म्हणून गटातल्या दोघीतिघींनी पेटी शिकावी. पन्नाशीतही शिकता येते. खुरप्याने राठ झालेली बोटं पट्टीला अडत नाहीत.

गटाच्या पैशांतून पेटी घ्यायची, तर ज्या शिकणार त्यांनाच दुकानात न्या. पॉलिशवर भुलू नका. आधी एकही पट्टी न दाबता भाता मारा. दोनचार वेळा मारल्यावर तो जड लागला पाहिजे. हलकाच हलत राहिला, तर हवा गळते आहे. मग पुढच्या खुंट्या ओढून एकेक पट्टी दाबा, काळ्यासुद्धा. सूर लगेच बोलावा, बोट उचललं की थांबावा. शेवटी काळी चारचा सा धरून तिथेच आपलं रोजचं भजन म्हणा. दुकानदार बघत राहिला तर राहू दे, पैसे आपले आहेत.

शिकायला डबल सुराची साधी पेटी पुरते. स्केल चेंजरची महाग, शिवाय उचलायला जड. जुनी मिळत असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला आतून दाखवूनच घ्या. आणि पावसाळ्यात पेटी जमिनीवर ठेवू नका, ओलीने पट्ट्या अडकतात. उंदरांनाही भाता फार आवडतो.