नवा लॅपटॉप: ब्राउझर उघडण्याआधीचा एक तास

आज थेट विषयावर येतो. कॉलेजचे प्रवेश संपत आले की लॅपटॉपची खरेदी सुरू होते आणि एक प्रश्न हमखास येतो: "दादा, अँटीव्हायरस कुठला टाकू?" माझ्या मते हा चौथ्या-पाचव्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की या लॅपटॉपचा मालक कोण? पैसे कोणी दिले ते विचारत नाहीये. मशीनच्या हिशेबाने मालक कोण, ते विचारतोय.

तुमच्यापैकी अनेकांचा हा पहिलाच लॅपटॉप असेल, पण फोन मात्र वर्षानुवर्षं हातात आहे. त्यामुळे लॅपटॉप म्हणजे मोठा फोन असं वाटतं. तसं नाहीये. फोनवर टॉर्चचं ॲप घेतलं तर तुम्ही परवानगी दिल्याशिवाय त्याला तुमचे फोटो दिसत नाहीत. प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत कोंडलेलं असतं. विंडोजवर कुठूनतरी उतरवलेली एखादी इएक्सई फाइल एकदा चालवली, की तुमच्या खात्याला जे जे दिसतं ते बहुतेक सगळं तिला दिसतं. फोटो, आधारचा स्कॅन, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, सगळं. म्हणून फोनवर खपून जाणारा बेफिकीरपणा इथे महागात पडतो.

आता दुकानात चला. लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या, नाहीतर तालुक्याच्या गावी, काउंटरवरचा मुलगा मदतीच्या भावनेने म्हणतो, "सेटअप करून देतो ना, फुकट." त्याला प्रेमाने नाही म्हणा. बिल, वॉरंटी घ्या, स्क्रीन आणि कीबोर्ड चालतोय का ते बघा, पण सेटअप घरी करा. कारण विंडोज ११ होम सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. घाईत तो मुलगा त्याच क्षणी एखादं नवं ईमेल तयार करतो, पासवर्ड चिठ्ठीवर लिहितो, आणि ती चिठ्ठी खोक्याबरोबर माळ्यावर जाते. नाहीतर सरळ दुकानाचंच खातं वापरतो.

यात काय बिघडलं? इथे जरा थांबून सांगतो, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. आजकालच्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप झाला की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे सगळा डेटा कुलूपबंद होतो. ही चांगली गोष्ट आहे. लॅपटॉप एसटीत विसरला किंवा चोरीला गेला, तरी डिस्क काढून कोणी वाचू शकत नाही. या कुलपाची एक जादा किल्ली असते, ४८ आकड्यांची रिकव्हरी की, आणि ती सेटअपला वापरलेल्या खात्यात जाऊन बसते. एरवी ती लागत नाही. पण मदरबोर्ड बदलला, कधी बायोस अपडेट झालं, की एक दिवस निळ्या पडद्यावर लॅपटॉप तीच की मागतो. समजा, सबमिशनच्या आदल्या रात्री. की ज्या खात्यात आहे त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. मग सर्व्हिस सेंटरही काही करू शकत नाही आणि मायक्रोसॉफ्टही नवी की बनवून देऊ शकत नाही. लॅपटॉप फॉरमॅट होतो, डेटा जातो.

तेव्हा खातं तुमचं हवं, त्याला तुमचाच मोबाईल नंबर जोडलेला हवा, आणि त्यावर दोन टप्प्यांचं लॉगिन सुरू हवं. सेटअप झाल्यावर फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये तुमचा लॅपटॉप शोधा आणि रिकव्हरी की दिसतेय का बघा. दिसली की कागदावर उतरवा. हो, कागदावर. दहावी-बारावीच्या मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवा. ती फाइल कुठल्याच घरात हरवत नाही.

आता नेटवर्क. विंडोज ११ होम इंटरनेटशिवाय पुढे जाऊ देत नाही. ते टाळायच्या युक्त्या व्हिडिओंमध्ये फिरतात, पण मायक्रोसॉफ्ट त्या एकेक करून बंद करत आलंय, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका. फक्त हे पहिलं कनेक्शन हॉस्टेलच्या किंवा कॅफेच्या वायफायवर नको. घरचं वायफाय, नाहीतर स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट. नेटवर्क पब्लिक की प्रायव्हेट असं दिसलं तर पब्लिक ठेवा. म्हणजे शेजारच्या मशीनना तुमचा लॅपटॉप दिसत नाही.

जुने लोक सांगतात ना, की नुसती केबल जोडली तरी व्हायरस यायचा? ते खरंय. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म आला. विंडोज एक्सपी, अपडेट नसलेली, नेटला जोडली की काही मिनिटांत मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागायचं. काहीही क्लिक न करता! त्यावरचं अपडेट जुलैमध्येच आलं होतं, पण लोकांनी घेतलं नव्हतं. पुढे २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजचा फायरवॉल मुळातच सुरू येऊ लागला. तरी मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने तोच धडा पुन्हा दिला. त्याचंही अपडेट मार्चमध्ये येऊन पडलं होतं.

तुमचा लॅपटॉप नवा असला तरी आतली विंडोज नवी नसते. कारखान्यात भरलेली, मग गोदामात पडून राहिलेली. म्हणून ब्राउझर उघडण्याआधी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटला जा. अपडेट घ्या, रीस्टार्ट करा, पुन्हा तपासा. एकदा करून भागत नाही. नवीन काहीच उरलं नाही असं तो सांगेपर्यंत करत राहायचं. काही जीबी सहज जातात, तेव्हा दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर हे करू नका. आणि डेटा वाचवायला 'मीटर्ड कनेक्शन' सुरू केलं असेल तर काम झाल्यावर बंद करा. नाहीतर अपडेट मुकाट्याने अडकून राहतात आणि तुम्हाला वाटतं सगळं व्यवस्थित आहे.

आता तो अँटीव्हायरस. डिफेंडर आतच आहे, फुकट आहे, आणि विद्यार्थ्याला पुरेसा आहे. सोबत आलेला ट्रायल अँटीव्हायरस काढून टाका, मग डिफेंडर सुरू झालाय का ते बघा. बाकीची कंपनीने भरलेली ॲप्सही ओळखून काढा. ती निरुपद्रवीच असतात असं समजू नका. २०१५ च्या फेब्रुवारीत उघड झालं की लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीच भरलेलं होतं, आणि ते सुरक्षित वेबसाइटच्या कनेक्शनमध्येसुद्धा मध्ये बसायचं. कोरं करकरीत मशीन, खोक्यातूनच तसं आलेलं.

आता खरं दुखणं. ऑफिस, फोटोशॉप, "क्रॅक करून दे ना." क्रॅक चालवण्याआधी तो काय सांगतो आठवा: डिफेंडर बंद करा. घरात येणारा माणूस म्हणतोय, आधी वॉचमनला सुट्टी द्या! अशा फाइलींमधून येणारे चोर लॅपटॉप बिघडवत नाहीत, स्लोही करत नाहीत. ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज उचलतात आणि गप्प बसतात. कुकी गेली की ओटीपीचाही उपयोग नाही, कारण समोरच्या साइटला वाटतं तुम्ही आधीच आत आहात. वर्ड-एक्सेल हवंय? ब्राउझरमधलं ऑफिस फुकट आहे, लिबरऑफिस फुकट आहे, आणि कॉलेजने ईमेल दिलं असेल तर त्यावर काय मिळतं ते आधी विचारा.

मराठी टायपिंगचंही तेच. त्यासाठी लोक कुठल्याही साइटवरून काहीही उतरवतात. गरज नाहीये. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, त्यात फोनेटिक कीबोर्ड मिळतो. इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की देवनागरी येतं. क्रोम वगैरे घेतानाही सर्चमधल्या पहिल्या जाहिरातीवर क्लिक करू नका. पत्ता स्वतः टाइप करा.

एक काम लोक कंटाळून सोडतात, पण करा. सेटअपला बनलेलं खातं ॲडमिन असतं. रोजच्या वापराला दुसरं, स्टँडर्ड खातं बनवा. मग काहीही मुळापासून बदलायचं म्हटलं की विंडोज ॲडमिनचा पासवर्ड मागते, आणि त्या दोन सेकंदांत आपण विचार करतो. क्रॅकमधल्या त्या पासवर्डचोरापासून हे पूर्ण वाचवत नाही, तेवढं लक्षात ठेवा. घरात धाकटा भाऊ गेम उतरवणारा असेल, तर त्यालाही वेगळं स्टँडर्ड खातं. ॲडमिनचा पासवर्ड त्याला सांगू नका, कितीही गोड बोलला तरी.

सेकंडहँड घेताय? मग हे सगळं पैसे देण्याआधी. सेटिंग्जमधून रीसेट, 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून, दुकानातच. वेळ लागतो, चहा घ्या. रीसेटनंतर नेट जोडल्यावर पडद्यावर एखाद्या कंपनीचं नाव आलं आणि त्या कंपनीचं लॉगिन मागितलं, तर तो लॅपटॉप त्या कंपनीच्या यादीतून सुटलेला नाही. विकणारा कितीही म्हणाला "ते काही नाही, निघून जातं", तरी उठा आणि निघा. आणि विंडोज १० वरच अडकलेलं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका, तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर १९३० वर लगेच फोन. उद्या सकाळी नाही, तेव्हाच. पैसे पुढे सरकायच्या आत खाती गोठवता आली तरच काही परत मिळायची शक्यता असते.

पुढच्या भागात पासवर्ड मॅनेजर. ज्यांच्याकडे आधीच लॅपटॉप आहे त्यांनी तोवर ती ४८ आकड्यांची की शोधून ठेवा, आणि सापडली नाही तर डेटाचा बॅकअप आजच घ्या.