परभाषेतील धर्मसेवा

लॅटिन अमेरिकेत ख्रिस्ती धर्मकार्यासाठी जाणाऱ्या परदेशी मिशनऱ्याचे पहिले काही महिने बहुधा स्पॅनिश शिकण्यातच जातात. त्याला पाठवणाऱ्या संस्थेच्या हिशेबात हा काळ खर्चाच्या बाजूला पडतो. त्यात प्रवचन नाही, शाळा नाही, दवाखाना नाही, नुसती क्रियापदांची रूपे घोकायची. भाषा एकदा आली की खरे काम सुरू होईल, असे सगळे धरून चालतात. मला हा हिशेब उलटा वाटतो. परमुलखातल्या धर्मसेवेचा कस या शिकण्याच्या काळातच लागतो, कारण शिकवायला आलेल्या माणसाला तेव्हा तिथल्या लोकांकडून शिकावे लागते. चूक कोणती आणि बरोबर काय, हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. तो बाजारातल्या भाजीवालीकडे असतो, शेजारच्या पोरांकडे असतो.

हे ज्याने सर्वांत स्पष्ट ओळखले तो इव्हान इलिच हा व्हिएन्नात जन्मलेला कॅथलिक धर्मगुरू. 1961 साली पोप तेविसावे जॉन यांच्या वतीने अमेरिकेतील धर्मसंघांना आवाहन करण्यात आले, की दहा वर्षांत आपले एक दशांश मनुष्यबळ लॅटिन अमेरिकेकडे पाठवा. त्याच वर्षी इलिचने मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे या मंडळींना स्पॅनिश शिकवणारे केंद्र उघडले. तिथे भाषेचे कसून शिक्षण मिळे, पण त्याबरोबर आपण इथे कशासाठी आलो याची उलटतपासणीही होई. आपली जीवनशैली, आपल्या संस्था आणि आपला पैसा लॅटिन अमेरिकेवर लादला जातो आहे, असे इलिचचे मत होते. 1968 साली तर त्याने उन्हाळी सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले, की सदिच्छा पुरेशी नाही, सेवेच्या नावाखाली येऊ नका. दुसऱ्याची भाषा शिकताना शब्दांपेक्षा त्या लोकांचे मौन शिकणे अवघड असते, ही त्याची मांडणी मला मोलाची वाटते. शब्द पुस्तकातून मिळतात. कुठे थांबायचे, कोणता प्रश्न विचारायचा नाही, हे माणसांत राहूनच कळते.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, की गावात रोगराई आहे, मुले शाळेबाहेर आहेत, तिथे व्याकरण कसले घोकता? दुभाष्या घ्या आणि कामाला लागा. भूकंपानंतरच्या आठवड्यात हे म्हणणे बरोबरच आहे. पण मिशनरी वर्षानुवर्षे राहायला जातो. दुभाष्यामार्फत निरोप पोचतो, औषधाची मात्रा सांगता येते. मात्र पापनिवेदनाला आलेल्या माणसाचे मन, घरातली कुरबूर किंवा पाहुण्याबद्दलची नाराजी तिसऱ्या माणसासमोर बोलली जात नाही. जो फक्त दुभाष्यामार्फत ऐकतो, त्याच्यापर्यंत त्याला रुचेल तेवढेच पोचण्याचा धोका असतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. तिथे स्पॅनिश हीच मुळात जेत्यांची भाषा, मग ती शिकून गरिबांशी जवळीक कशी साधणार? याचे उत्तर ग्वातेमालात सापडते. कॅमेरॉन टाउनसेंड हा अमेरिकन तरुण 1917 साली तिथे स्पॅनिश बायबले विकायला गेला आणि त्याच्या लक्षात आले, की तिथल्या काक्चिकेल या माया लोकांपैकी अनेकांना स्पॅनिश कळतच नाही. तो त्यांची भाषा शिकला, आणि 1931 साली नवा करार काक्चिकेलमध्ये छापला गेला. मेक्सिकोतील चियापासचे बिशप सामुएल रुइस मूळनिवासींच्या भाषा शिकले. 1974 साली सान क्रिस्तोबाल येथे भरलेल्या मूळनिवासी परिषदेत लोकांनी जमीन, व्यापार, शिक्षण आणि आरोग्याची गाऱ्हाणी चार माया भाषांतून मांडली. म्हणजे स्पॅनिशपाशी थांबणारा मिशनरी अर्ध्या वाटेवर थांबतो, हे आक्षेपकाचे म्हणणे खरे आहे. पण त्यावरचा उपाय आणखी शिकणे हाच आहे.

तिसरा आक्षेप असा, की भाषा हे वर्चस्वाचेच हत्यार आहे आणि मिशनरी ती शिकतो ते आपला माल नीट खपवायला. याला पुरावा आहे. लिमा येथे 1584 साली स्पॅनिश, केचुआ आणि आयमारा अशा तीन भाषांत धर्मशिक्षणाचे पुस्तक छापले गेले. पाठोपाठ पापनिवेदनासाठी विचारायच्या प्रश्नांचे पुस्तकही निघाले आणि त्यातून लोकांच्या जुन्या श्रद्धा हुडकून काढल्या गेल्या. तेव्हा भाषा शिकली म्हणून माणूस आपोआप नम्र होतो, असे मी म्हणणार नाही. पण उलट बाजूही पाहा. स्पेनच्या तिसऱ्या कार्लोस राजाने 1770 साली आपल्या वसाहतींत स्पॅनिशखेरीज अन्य भाषा राहू नयेत असे फर्मान काढले. आपल्या शेजारच्या गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून येऊन देशी भाषा शिकले, त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली मराठीत छापले गेले. त्याच गोव्यात 1684 साली पोर्तुगीज सत्तेने लोकांना तीन वर्षांत आपली बोली सोडायला फर्मावले, आणि त्यामागे फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा आग्रह होता. स्वतः शिकण्याऐवजी सगळ्या मुलखाला शिकायला लावणे त्यांना सोपे वाटले. देशी भाषा शिकणे हे निव्वळ सत्तेच्या सोयीचे असते, तर सत्तेने त्या भाषा बंद पाडायचा खटाटोप केला नसता.

म्हणून मिशनरी संस्थांना माझी सूचना साधी आहे. तुमचा माणूस किती महिन्यांत प्रवचन देऊ लागला, हे मोजू नका. लोक त्याला त्यांच्या भाषेत नकार देऊ लागले का, आणि तो नकार त्याला कळून त्याने आपला बेत कधी बदलला का, हे विचारा. या प्रश्नाचे उत्तर होय असेल, तर त्याचे शिक्षण फळाला आले. नसेल, तर त्याची स्पॅनिश कितीही अस्खलित असो, त्याला पुन्हा वर्गात बसवा.