मुठीत कडक, चाकाला नरम

लेक नोकरीला बंगळुरूला गेली आणि तिची रेसर सायकल गॅलरीत पडून राहिली. ती मी चालवायला काढली. पण पन्नाशी ओलांडलेल्या मानेला ते खाली वाकलेलं हँडल सोसेना. सरळ हँडल बसवायचं ठरवलं.

वाटलं होतं, जुन्या मुठी सोडवून नव्या हँडलला लावू. तसं होत नाही. वाकड्या हँडलची नळी २३.८ मिलिमीटर जाड, सरळ हँडलची २२.२. शिवाय या रेसरला ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत. दोन्ही नव्यानं घेणं आलं. गिअरचं निभावलं. मागं शिमानोची आठ चक्रं होती. आठ-नऊ चक्रांपर्यंत शिमानोच्या रेसरला त्यांचाच माउंटन सायकलचा मागचा शिफ्टर चालतो, दहाला नाही. पुढच्यासाठी मात्र सरळ हँडलचा रोड शिफ्टरच शोधावा लागला.

ब्रेकच्या मुठी दुकानदारानं दिल्या त्या घेतल्या. दाबून पाहिल्या, चांगल्या कडक लागल्या. मी खूश! दुसऱ्या दिवशी कोंढव्याहून बोपदेव घाट चढलो. उतरताना वळणावर मूठ आवळली, तर मूठ दगडासारखी आणि सायकल थांबायचं नाव घेईना. समोरून दुधाचा टेम्पो. चपला रस्त्यावर घासत कसाबसा कडेला लागलो.

आमच्या मोहल्ल्यातल्या मिस्त्रीचाचांनी मूठ पाहिली आणि म्हणाले, "सर, ही व्ही-ब्रेकची मूठ. तुमच्या सायकलला कॅलिपर आहे."

व्ही-ब्रेकचे हात लांब, त्यांना जवळपास दुप्पट तार ओढावी लागते. म्हणून त्या मुठीत खिळीपासून तार अडकवायची जागा लांब असते. तार जास्त ओढली जाते, पण जोर तेवढाच कमी होतो. कॅलिपरचं रबर झटकन रिमला टेकतं, हाताला कडक लागतं आणि आपण फसतो. उलटी चूक झाली, म्हणजे कॅलिपरची मूठ व्ही-ब्रेकला लावली, तर मूठ हँडलला जाऊन टेकते. ती निदान दुकानातच कळते.

मी घाईत ब्रेकच्या तारेवर गिअरचं आवरणही चढवलं होतं. त्यातल्या तारा उभ्या असतात, ब्रेकच्या दाबानं ते फुटू शकतं. चाचांनी तेही बदललं. बोलणी खाल्ली ती वेगळीच.

रात्री लेकीचा फोन आला. "अब्बा, नवं हँडल कसं आहे?"

मानेला आराम आहे, एवढंच सांगितलं.