दुखण्यातला धीर



आपल्या देवळालीचे नाव इंग्रजी शब्दकोशात गेलेले आहे. पण ते ऐकून अभिमान वाटावा असे मात्र नाही. ‘डूलाली’ म्हणजे डोके फिरलेला, असा त्या शब्दाचा अर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे गोऱ्या फौजेची छावणी होती. नोकरीची मुदत भरलेले सोल्जर विलायतेला जाणाऱ्या बोटीची वाट पाहत येथे मुक्काम करीत. बोटी थंडीच्या मोसमात सुटत. मोसम हुकला की पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबणे आले. हाताला काम नाही, वर ऊन तापलेले, आणि मनाला घराची ओढ लागलेली. कित्येकांची मने बिघडली, आणि ‘देवळालीचा ताप’ हा त्यांच्या बोलीतला वाक्प्रचार झाला. त्यातला ‘ताप’ हा शब्दही आपल्याच इकडचा!

आता दुसरी बाजू पाहा. याच देवळालीला मुंबईकर हवापालटासाठी येऊ लागले. आगगाडी दाराशी, उंची सुमारे १८०० फूट, हवा कोरडी. पारशी, गुजराती व इतर समाजांतील दानशूर मंडळींनी येथे सॅनेटोरियमे बांधली. दुखण्यातून उठलेली माणसे येथे येऊन व्हरांड्यात आरामखुर्च्या टाकून बसत आणि अंगात बळ येण्याची वाट पाहत.

श्रोतेहो, हवा तीच, उन्हाळा तोच, आणि वाट पाहणेही तेच. एकाचे त्या वाट पाहण्याने डोके फिरले आणि दुसऱ्याला त्यातूनच आशा मिळाली. असे का व्हावे? मोठ्या आजारात माणसाच्या मनोवृत्तीचे आणि श्रद्धेचे काम कोणते, हा आजचा आमचा विषय. त्याचे उत्तर या दोन चित्रांच्या मध्ये कोठेतरी आहे, असे आम्हांला वाटते.

प्रथम एक कबुली देतो. आजाऱ्याच्या समाचाराला गेलो की आपण सारे एक वाक्य हटकून बोलतो : “धीर सोडू नका, म्हणजे निम्मे दुखणे पळाले.” आम्हीही ते पुष्कळदा बोललो आहोत. एकदा कर्करोगाने अंथरूण धरलेल्या एका बाईंना आम्ही हेच ऐकवले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “म्हणजे माझं दुखणं वाढलं, ते मी धीर सोडला म्हणून का हो?” आम्हांला उत्तर देता आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे, असे समजा.

धीराने रोग जात असता, तर डॉ. आनंदीबाई जोशी वाचल्या असत्या. १८८३ साली, अठरा वर्षांची ही मुलगी समुद्र ओलांडून अमेरिकेला गेली. १८८६ च्या मार्चात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक तिच्यासाठी तयार होती. परंतु ती परत आली ती क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच पुण्यात वारली. त्या मुलीच्या निश्चयात कोणी उणे काढील काय? उणे होते ते औषधाचे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवला होता; पण त्या जंतूला मारणारे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली हाती आले. मधली साठ वर्षे डॉक्टरांपाशी उपाय म्हणजे विश्रांती, सकस अन्न आणि चांगली हवा. आरोग्यधामांना एवढे महत्त्व आले ते त्यामुळे.

मग औषध आल्यावर धीराचे काम संपले काय? हीच खरी मौज आहे. १९५६ साली मद्रासला क्षयाच्या औषधोपचाराचे एक संशोधन केंद्र निघाले. तेथे १९३ रोग्यांच्या दोन तुकड्या चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडल्या. एका तुकडीला सॅनेटोरियमात खाटा, विश्रांती आणि चांगले अन्न मिळाले. दुसरी तुकडी आपल्या दाटीवाटीच्या, गरीब घरांतच राहिली. अन्न बेताचे, आणि कामाधंद्याची दगदग चालूच. औषधे मात्र दोघांना तीच, आणि वर्षभर. निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जगभरचे डॉक्टर चकित झाले. घरी राहिलेले रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले होते!

पण या प्रयोगातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. घरच्या रोग्यांकडे केंद्राची माणसे न कळवता जात, गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते पाहत. कारण अडचण कोठे आहे हे त्यांनी ओळखले होते. क्षयाच्या रोग्याची परीक्षा पहिल्या आठवड्यात नसते. तेव्हा भीतीच त्याला औषध घ्यायला लावते. परीक्षा असते ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. खोकला थांबतो, ताप उतरतो, वजन भरू लागते, आणि गोळ्यांनी मात्र मळमळते. “आता बरं वाटतंय, कशाला घ्यायच्या?” असे मन म्हणू लागते. येथे गोळ्या सोडल्या की उरलेले जंतू डोके वर काढतात, आणि औषधाला दाद न देणारा क्षय होऊ शकतो. आज साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा आहे आणि सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो. तरी हे सहा महिने कोणाला तरी रोज निभवावे लागतातच.

तेव्हा आमचे म्हणणे असे : धीर जंतूला मारीत नाही, पण जंतूला मारणारी गोळी एकशेएेंशी दिवस तोंडात टाकायला लावतो. मन रोगावर थेट चालून जात नाही, ते हातापायांच्या द्वारे जाते. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांना वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गाठले. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात त्यांनी ती हकीकत सांगितली आहे. तिच्यात साक्षात्कार आहे, ध्यान आहे. पण त्याबरोबर रोजचे चालणे आहे आणि ताटातले तेल-तूपही आहे. दृष्टी बदलली ती ताटापर्यंत पोहोचली, हे त्यातले महत्त्वाचे.

मन मोकळे केल्याने आयुष्य वाढते काय, याचाही शोध शास्त्रज्ञांनी घेतला आहे. अमेरिकेत डॉ. डेव्हिड स्पीगेल यांनी स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या स्त्रियांना दर आठवड्याला एकत्र बसवून बोलते केले. त्या इतरांपेक्षा सरासरीने सुमारे दीड वर्ष अधिक जगल्या, असे त्यांनी १९८९ मध्ये जाहीर केले. केवढी आशा उत्पन्न झाली! परंतु २००१ मध्ये कॅनडातील डॉ. पॅमेला गुडविन यांनी २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग केला, तेव्हा आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. २००७ साली खुद्द स्पीगेल यांनी फिरून प्रयोग केला. एकंदरीत आयुष्य वाढले नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे छापले. मात्र गुडविन यांच्या प्रयोगात त्या स्त्रियांचे दुःख हलके झाले आणि वेदनाही कमी जाणवल्या. हे काय थोडे झाले? दिवस वाढले नाहीत, पण असलेले दिवस सुसह्य झाले. आणि त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. नाही बाई, तुम्ही रडलात म्हणून रोग वाढला नाही. तुम्ही मनसोक्त रडा.

आता देवाविषयी. आपल्या खंडोबाच्या टेकडीवर घरच्या आजाऱ्यासाठी नवस बोलणारी माणसे चढत असतील. त्यांना हसणाऱ्यांतले आम्ही नाही. श्रद्धा दोन प्रकारची असते. एक औषधाच्या जागी येऊन बसते. अंगारा मिळाला, आता गोळी कशाला, असे ती म्हणते. ती घातक होय. दुसरी औषधाच्या शेजारी बसते. “देवा, तू आहेस, मी गोळी घेतो,” असे ती म्हणते. या दुसरीला विरोध करण्याचे डॉक्टरालाही कारण नाही. रात्री तीन वाजता जेव्हा रोगी एकटा जागा असतो, तेव्हा डॉक्टर तेथे नसतो.

श्रद्धेचा तिसरा प्रकार गाडगेबाबांनी दाखवला. त्यांनी देवळाऐवजी धर्मशाळा बांधल्या. एक आपल्या नाशकातही बांधली. त्यांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत आज गावोगावचे कर्करोगी आणि त्यांचे नातेवाईक आसरा घेतात. उपचार लांबतो, मुंबईत ओळख नसते, खिसा रिकामा होत जातो. अशा माणसाला ‘धीर धरा’ म्हणणे सोपे. त्याला निजायला जागा आणि वेळेला जेवण देणे हा खरा धीर होय.

येथे त्या सोल्जरांकडे परत येऊ. ते भित्रे नव्हते; लढाया करून आलेले होते. त्यांची मने खचली, कारण हाताला काम नव्हते, घरचे माणूस जवळ नव्हते, आणि दिवस सरता सरत नव्हते. धीर हा माणसाच्या छातीत जन्मतःच भरलेला साठा नव्हे. तो भोवतालच्या माणसांनी रोज थोडा थोडा पुरवायचा असतो.

म्हणून समाचाराला जाल तेव्हा उपदेश घरी ठेवून जा. डॉक्टरांनी काय सांगितले, गोळ्या किती दिवसांच्या, आज घेतली का, दवाखान्यात सोबत कोण येते, हे विचारा. कोणी येत नसेल तर “मी येतो” म्हणा. क्षय असेल तर तो लपवू नका, लपवायला लावू नका. शेजाऱ्यांच्या भीतीने चोरून घेतलेली गोळी लवकर सुटते. आणि एवढे करूनही माणूस गेला, तर निदान त्याच्या पश्चात “धीर सोडला म्हणून गेला” असे म्हणू नका. आनंदीबाईंना आपण तसे म्हणत नाही. आपल्या शेजारच्यालाही म्हणू नये.