गोळी फडात आली पाहिजे
(गेवराईत केलेले भाषण)



रक्तदाबाला आपल्यात कुणी रोगच मानत नाही. दुखत नाही, खुपत नाही. डोकं जड झालं तर बाई फडकं बांधते नि मोळी उचलते. एक दिवस अर्धं अंग लुळं पडतं. लोक म्हणतात, बाहेरचं झालं. कसलं बाहेरचं? रोजची एक स्वस्त गोळी तुटली, एवढंच.

2017 च्या अखेरीस सरकारने उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम पाच राज्यांतल्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू केला. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा. नवं औषध शोधलं नाही. उपचाराचा एकच साधा क्रम ठरवला. एका खेपेला तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या. तपासणी गावाजवळ आणली. आणि नोंद ठेवली: कोण आलं, कोण चुकलं, कुणाचा दाब 140/90 च्या खाली आला. थोडक्यात करून पाहिलं, मोजलं, मग इतर जिल्ह्यांत नेलं. रीत चांगली आहे.

पण तीस दिवसांचा हिशेब घरी राहणाऱ्याचा. गेवराईचा कोयता दिवाळीच्या आसपास निघतो, उन्हाळ्याच्या तोंडाला परततो. साताऱ्याचा ऊस तोडायलाही बीडचीच माणसं जातात. कार्ड गावात, माणूस फडात. दवाखान्यात गेला तर मुकादम खाडा लावतो. न गेला तर वहीत 'आला नाही'. दोष पेशंटचा! लई भारी हिशेब!

पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या पोरांनो, एक वस्ती घ्या. आशाताईंना बरोबर घ्या. टोळी निघण्याआधी तिशीपुढच्या सगळ्यांचा दाब मोजा. ज्यांना औषध चालू आहे, त्यांना डॉक्टरांकडून जास्त दिवसांच्या गोळ्या मागा. औषधाचं नाव, मात्रा, फडाजवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता चिठ्ठीवर लिहून द्या. महिन्याला फोन करा. परतल्यावर पुन्हा मोजा. गोळी किती जणांची तुटली? साठा संपला, का खाडा आडवा आला? जे अडलं तेवढंच पुढच्या हंगामात बदला.

मात्र आधी माणसाला विचारा. आपली माणसं प्रयोगाचे उंदीर नाहीत. वही त्यांच्यासमोर वाचा.

मग ती वही घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जा आणि हिशेब मागा. तोंडी तक्रार साहेब उडवून लावतो, लिहिलेला आकडा उडवता येत नाही.

मधुमेहाने पोखरलेल्या शरीरानिशी बाबासाहेब 1956 पर्यंत लिहीत राहिले. त्यांची तसबीर आपल्या घराघरात आहे. त्या तसबिरीखाली बसलेल्या आपल्या आईची साखर कुणी कधी मोजली?